तुम्ही काठी बदलली नाहीत

काल तुमचं तेरावं झालं. तुमचे क्लबातले जुने खेळवाले आलेले. तिघंच राहिलेत आता, त्यातल्या एकाला दोघांनी धरून आणलं. फोटोला हार घातला, चहा घेतला, आणि ते टकले गृहस्थ बोलले, "मार्करनं जन्मात काठी बदलली नाही. आमच्यातल्या एकेकानं दहा-दहा बदलल्या. यांनी एकच क्यू शेवटपर्यंत धरला. असा माणूस नाही मिळायचा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून बसलेली, मी पण हलवली.

काठी नाही बदलली, बायको बदलली. हे माझ्या मनात आलं. तेराव्याला असं मनात येऊ नये, पण आलं त्याला काय करू. आणि ते बोलून दाखवायला माझ्यासमोर कुणी नव्हतं, तुम्ही सोडून. म्हणून तुमच्याशीच बोलते.

तसं तुम्ही काही तिला टाकलं नव्हतं. ती तापानं गेली, वर्षानं मला आणलंत. स्वातंत्र्य येऊन दोन वर्षं झालेली तेव्हा. मी कोलशेतची, मिठागरावरची. सतराव्या वर्षापर्यंत मीठ ओढलं, पाण्यात उभं राहून राहून टाचा फाटलेल्या. दोन बुकं शिकलेली. आई बोलली, "बिजवर हाय, पन कल्याणला सायबांच्या क्लबात कामाला हाय गो. सावलीतलं काम हाय. तुझं ऊन तरी सुटंल." मला वाटलं, सावली मिळणार. त्या सावलीत आधीच कुणी बसलेलं असेल, हे काही मला कळलं नाही.

लग्नात माझ्या गळ्यात आधी तिचा टाक घातला, मग तुमचं मंगळसूत्र. सवतीचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा चांदीचा पत्रा, नखाएवढा. सणाला नवं लुगडं आलं की आधी तिच्या टाकाला लावायचं, हळदकुंकू वाहायचं, मग मी नेसायचं. मी कधी नवं लुगडं नेसलेच नाही बघा. माझ्या अंगावर आलं ते तिचं झालेलंच आलं. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही. रीतच होती, तुम्हाला बोलून काय होणार होतं.

क्लबाच्या मागं आपली ती एक खोली. पहिल्या दिवशी मी आत आले तर देवाच्या बाजूच्या कोपऱ्यात एक उंच काहीतरी उभं. उंचीनं माझ्याएवढं. हिरव्या चौकटीच्या लुगड्याच्या गवसणीत घातलेलं, वर नाडी बांधलेली. मला क्षणभर वाटलं, बाईच उभी आहे.

"हे काय हो?"

"काठी आहे. खेळायची. हात लावू नकोस, ओल लागते तिला."

"आणि लुगडं कुणाचं?"

"तिचं. तापात पडलेली असताना तिनंच शिवली गवसणी."

झालं. पहिल्या दिवशी आपण एवढंच बोललो. त्यानंतर तुम्ही जेवलात आणि कामाला गेलात. मी तिच्याकडे बघत बसले.

तुमचं काम काय ते कळायला मला सहा महिने लागले. क्लबात ते मोठं टेबल, वर ताणलेलं हिरवं लोकरी कापड, बनात, आणि साहेब लोक काठीनं चेंडू ढकलायचे. त्याला बिलियर्ड म्हणायचे, शनिवारी पूल खेळायचे. तुम्ही मार्कर. कुणाचे किती झाले ते मोठ्यानं बोलायचं, बनात झाडायची, काठ्या नीट ठेवायच्या, आणि कुणाला जोडीला माणूस नसला की त्याच्याशी खेळायचं. साहेबाला जरा जिंकू द्यायचं, पण त्याला कळेल असं नाही. हे तुम्हाला फार चांगलं जमायचं. घरी येऊन सांगायचात आणि हसायचात. तुमचं हसणं मला आवडायचं. ते क्लबातून घरी यायचं, घरातून कधी सुरू व्हायचं नाही, एवढंच.

रेल्वेचे गार्ड डिमेलोसाहेब आठवतात का? दर दोन महिन्यांनी हरायचे आणि काठी टेबलावर आपटायचे. "मार्कर, धिस इज नो गुड. बेकार काठी. दुसरी आणून दे." तुम्ही ती काठी घरी आणायचात. टोकाचं चामडं काढायचात, नवं बसवायचात, बुडावरचा नंबर खरवडून दुसरा घालायचात, जवसाचं तेल चोळायचात, आणि चार दिवसांनी तीच काठी त्यांच्या हातात द्यायचात. डिमेलोसाहेब हातात तोलून बघायचे आणि खूष. "हां, ये हुई ना बात. पहिली काठी बेकार होती." चार वर्षं तो माणूस एकाच काठीनं खेळला आणि त्याला वाटत राहिलं की आपण वीस काठ्या बदलल्या.

मी एकदा विचारलं, "हे खोटं नाही का?"

तुम्ही भाकरी मोडत होता. "खोटं कशाला? हरलेल्या माणसाला वाटतं काठीत खोट आहे. काठीत काही नसतं. हाताला सवय लागते एका काठीची. नवी घेतली ना, की हात आतून जुनीलाच शोधत राहतो. त्यापेक्षा आहे तीच द्यावी, नवी म्हणून."

तुम्ही सहज बोललात. तुमच्या तोंडात घास होता. माझा घास मात्र हातातच राहिला. मी नवी काठी होते. तुमचा हात माझ्यातून कुणाला शोधत असेल ते मला त्या दिवशी कळलं, असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, "जेवत का नाहीस?" मी बोलले, "मीठ जास्त झालं." मिठागरावरच्या पोरीचं कधी मीठ जास्त होतं का? तुम्हाला तेही लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून तुम्ही काठीबद्दल जे जे बोललात ते मी माझ्यावर घेतलं. ते कंत्राटदार दर दिवाळीला मुंबईहून नवी काठी आणायचे, तुम्ही बोलायचात, "पैसा आहे, मन नाही." मी ऐकायचे. ते पारशी बाबा आपली काठी पत्र्याच्या नळीत कुलूप लावून ठेवायचे, दुसऱ्याचा घाम लागू नये म्हणून, तुम्ही बोलायचात, "याला म्हणतात जपणं." मी ऐकायचे. क्लबात बोलणं काठीचं चालायचं आणि घरात मी जळायचे. शेजारची सखू बोलायची, "अगं मेलेल्या बाईवर काय जळतेस? ती काय येतेय पाणी भरायला?" तेच तर होतं. पाणी मी भरायचे. रेल्वेच्या यार्डातला जळका कोळसा मी वेचून आणायचे, बोटं भाजायची. रेशनच्या रांगेत पोटुशी मी उभी राहायचे. आणि देवाच्या बाजूला उभी राहायची ती.

रोज कामावरून आलात की गवसणीची नाडी सोडायचात आणि काठीला तेल चोळायचात, एका हातानं, वरपासून खालपर्यंत, डोळे मिटून. एका थंडीत माझ्या टाचांतून रक्त यायला लागलं तर तुम्ही मला बसवलंत, पाय मांडीवर घेतलात आणि तेच तेल टाचांना चोळलंत. कोणत्या नवऱ्यानं त्या काळात बायकोचे पाय धरले असतील? सखूनं दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मला आजही ते आठवलं की बरं वाटतं. पण तेव्हा मी काय बघितलं सांगू? आधी तुम्ही काठीला तेल लावलेलं. वाटीत उरलं ते मला लावलंत. मी उरलेल्या तेलाचा हिशोब करत बसले आणि पाय धरल्याचं सुख घ्यायचं राहून गेलं. ही माझी चूक. कबूल करते.

दुसरा मुलगा, आठ महिन्यांचा, गेला तेव्हाची गोष्ट मात्र तुमच्या पदरात टाकते. तुम्ही त्याला पुरून आलात, आंघोळ केलीत आणि कोपऱ्यात जाऊन काठी काढलीत. तेल नाही लावलं. नुसती मांडीवर आडवी घेऊन बसलात, संध्याकाळ होईपर्यंत. तुमच्या हाताला धरायला काहीतरी होतं. माझ्या हाताला काय होतं? माझ्याकडे बघितलं पण नाहीत. मी चुलीपाशी गेले आणि चूल पेटवली, कारण मोठ्या पोरीला भूक लागलेली. तेव्हा मी रडले असते तर तुम्ही काठी खाली ठेवली असती का? हे मी पुढं पुष्कळ वेळा मनात विचारलं. तोंडानं नाही.

आता ते श्रावणातलं. त्याबद्दल आपलं भांडण कधी पुरं झालंच नाही.

दरवर्षी ठाण्याला एका मिलच्या क्लबात मार्करांची मॅच व्हायची. साहेब लोक आपापले मार्कर लढवायचे आणि मजा बघायचे. तुम्ही दोन वर्षं हरलेले. त्या वर्षी मॅच पंधरा दिवसांवर आली आणि तुमच्या भावाचा निरोप आला गावाहून, आजारी आहे म्हणून. तुम्ही निघालात. दारात बोललात, "तिला ओल लागू देऊ नकोस हं." मला काय वाटलं असेल? बाहेर धो धो पाऊस, छपरातून तीन ठिकाणी गळतंय, मोठी तापानं फणफणलेली, आणि तुम्ही सांगताय तिला ओल लागू देऊ नकोस.

लुगडी वाळत घालायची माझी वलणीची काठी मोडलेली होती, हे खरं. सखूची मागता आली असती, हेही खरं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाडी सोडली. गवसणी काढून खुंटीला अडकवली. तुमची काठी चुलीच्या वर दोन खुंट्यांवर आडवी टाकली, आणि माझं ओलं लुगडं तिच्यावर टाकलं. नऊवारी, पाण्यानं जड झालेलं. तिचं लुगडं काढलं आणि माझं घातलं. मला फार बरं वाटलं. आता लाज वाटते असं बोलायला हवं, पण तेव्हा बरं वाटलेलं. सहा दिवस रोज मी माझं लुगडं तिच्यावर वाळवलं. खाली चुलीची धग, वर ओल, मधोमध ओझं. काठीला काय होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. रोज मला तेच तर सांगत होतात तुम्ही.

तुम्ही आलात. काठी गवसणीत कोपऱ्यात उभी. तुम्ही काढलीत, जमिनीवर ठेवलीत आणि बोटानं लोटलीत. सरळ काठी गडगडत जाते. ही उड्या मारत गेली.

"ओली झाली?"

"हो."

"कशानं?"

"माझं लुगडं वाळत घातलेलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुष्कळ वेळ. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता मारणार, मारलं तर बरं, निदान त्या काठीमुळं माझ्या अंगाला हात तरी लागेल.

"सांगायचं तरी," तुम्ही बोललात. "मी दुसरी आणली असती वलणीला."

बस. एवढंच. मोठीच्या कपाळाला हात लावून बघितलंत आणि कामाला गेलात.

मॅचला तुम्ही क्लबातली काठी घेऊन गेलात. कुठली? डिमेलोसाहेबांची. वीस वेळा बाद केलेली. आणि तिनं जिंकलात. घरी आलात तर खांद्यावर बक्षिसाचं घोंगडं, आणि मागं डिमेलोसाहेब दारापर्यंत ओरडत आलेले, "बाई, तुझ्या नवऱ्यानं माझ्या बेकार काठीनं सगळ्यांना झोपवलं!" सखूनं चहा केला. सगळे हसत होते. मी पण हसत होते, पण माझं हसणं वेगळं होतं. मला वाटलं, सुटले. हात दुसऱ्या काठीनंही चालतो. आता तुम्ही बदलणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा वरवंटा मागितलात. वाकडी काठी दोन पाटांवर उलटी टेकवून मधोमध वरवंटा बांधलात. तीन आठवडे मी चटणी सखूकडे जाऊन वाटली. काठी सुधारली, पण पुरती नाही. टोकाशी जरा बाक राहिला तो राहिलाच. आणि तुम्ही त्या बाकासकट तिनंच खेळायला लागलात. पुढच्या वर्षी तिलाच घेऊन ठाण्याला गेलात आणि हरलात.

तेव्हा मी तोंड उघडलं. "जिनं जिंकलात ती काठी का नाही ठेवत?"

"ती क्लबाची आहे."

"तसली दुसरी घ्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हात जुनीला शोधतो बोलायचात ना? मग तेव्हा कसं जिंकलात? हाताचं काही नाही. तुम्हाला दुसरंच काही सोडवत नाही."

तुम्ही बशीतला चहा प्यायलात. बशी पालथी घातलीत. "वाकडी असली तरी कुठं वाकडी आहे ते मला ठाऊक आहे," बोललात, आणि उठलात.

मला ते उत्तर वाटलं नाही. टाळणं वाटलं. हाताला दुसरी चालते हे मीच माझ्या करणीनं सिद्ध केलं, म्हणजे काठी हातासाठी नव्हती, तिच्यासाठी होती. असा माझा निवाडा. त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला दिसत होतं, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. गवसणी जिथं विरायची तिथं मी माझ्या लुगड्याचं ठिगळ लावायला लागले. विरली नाही तिथंही लावलं. डोंबिवलीला राहायला आलो तोपर्यंत तिची हिरवी चौकट नाडीजवळ चार बोटं उरलेली. पुढं तीही गेली. काटकसरी बाई, असं सगळे बोलायचे मला.

क्लब गेला, टेबल गेलं, तुम्ही घरी बसलात. पोरांची लग्नं झाली. तुम्ही मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही, दारू प्यायला नाहीत. माझ्या बाळंतपणात पाणी भरलंत, बायका हसल्या तरी भरलंत. सखूच्या नवऱ्याकडे बघितलं की मला माझं नशीब कळायचं. हे सगळं मी एका पारड्यात घालायचे आणि दुसऱ्या पारड्यात ती काठी, आणि माझं मन असं की काठीच जड व्हायची.

शेवटच्या महिन्यात तुमचं बोलणं विस्कटायला लागलं. सुनेला ओळखायचात, नातवाला कधी कधी नाही. एका दुपारी तुम्ही खाटेवर बसलेले, मी पेज भरवत होते. घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"एक विचारू? काठी का नाही बदलली कधी?"

तुम्ही चावत राहिलात. पेजेत चावायला काही नव्हतं. "बरी होती की."

"एवढंच?"

"अजून काय असतं काठीत?"

"मला वाटलं, तिच्यासाठी ठेवलीत. गवसणी तिची होती म्हणून."

"गवसणी तू शिवलीस ना?"

"नाही. तिनं. तुमच्या पहिलीनं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, लहान मुलाला परक्या घरात आणल्यावर तो बघतो तसं. मग विचारलंत, "नाव काय होतं तिचं?"

मी वाटी खाली ठेवली. मला आनंद व्हायला हवा होता. साठ वर्षं जिच्यावर जळले ती तुमच्यातून पुसून गेलेली, कधी गेली कुणास ठाऊक. काठी नुसती काठी होती. पण मला राग आला. तुमचा राग, आणि तिच्या बाजूनं. ती तापात पडलेली असताना बसून टाके घातलेले, ते तुम्ही माझ्या नावावर लिहून मोकळे झालात. तिला तुम्ही सांभाळलंच नव्हतं. तिला मी सांभाळलेलं, गळ्यात घालून, रोज तिच्यावर जळून. मी जळले नसते तर तिचं नाव घ्यायला कुणी उरलंच नसतं.

"यशोदा," मी बोलले. आपल्या घरात ते नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं.

"हां, यशोदा," तुम्ही बोललात आणि तोंड उघडलंत. मी पेज भरवली.

पुढच्या चार दिवसांत तुम्ही ते सात-आठ वेळा विचारलंत. दर वेळी मी सांगितलं. शेवटी शेवटी तुम्ही न विचारताच बोलायचात, यशोदा, यशोदा. सून मला बाजूला घेऊन विचारायला लागली, "आई, ही कोण?" मी बोलले, माझ्या नात्यातली.

काठी ते टकले गृहस्थ मागत होते. देऊन टाकली. त्यांच्या हाताला लागते की नाही ते त्यांचं बघतील.

तुम्ही गेलात तिथं ती आधीपासून आहे. तिची तुमच्याबरोबर तीन वर्षं, माझी साठ, तरी तुम्ही पहिले तिला भेटणार आणि मी मागून येणार. हे मला सहन होत नाही, खोटं कशाला बोलू. पण ती समोर आली तर गोंधळू नका. यशोदा नाव तिचं, मी तुमच्याकडून पाठ करून घेतलंय. माझं नाव मात्र मी त्या चार दिवसांत एकदाही सांगितलं नाही. तुमच्या लक्षात असणार, असं धरून चालले.